तांडेलाचे नऊ पराभव

दोन वेगळ्या काळांतले बॉक्सर कागदावर शेजारी शेजारी मांडून त्यांतला थोर कोण हे ठरवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. परवाच आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात दोन शहाणे हाच धंदा करत बसले होते. जुन्याच्या नावावर इतके विजय, नव्याच्या नावावर तितके. जुन्याचे पराभव जास्त, म्हणजे नवाच मोठा, झालं. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "त्या पराभवांच्या दिवशी नेमकं काय झालं होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?" त्यांतला एक हसून म्हणाला, "आजोबा, आकडे खोटं बोलत नाहीत." मी चहा तसाच टाकून उठलो. आकडे कशाला बोलतील? आकडे लिहिणारा बोलतो, आणि तो किती खोटं बोलू शकतो हे मला पक्कं माहीत आहे. एका बॉक्सरचे आकडे मीच लिहिले होते.

मी मूळचा घाटावरचा. बावन्न-त्रेपन्नच्या सुमारास कारकून म्हणून डहाणूच्या कचेरीत आलो. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. समुद्र मला संध्याकाळी पाय मोकळे करायला जाण्यापुरता ठाऊक होता. भरती-ओहोटी म्हणजे कधी वाळू जास्त दिसते, कधी कमी, एवढीच माझी अक्कल. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या अडाणीपणातून झालं आणि तो अडाणीपणा मी सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवून ठेवला.

डहाणूत तेव्हा बॉक्सिंग होतं म्हटलं की लोक हसतात. होतं. फौजेतून परत आलेला एक हवालदार भाताच्या गिरणीवर पहारेकरी होता. गिरणीमागच्या खळ्यात त्यानं चार खांब रोवले, बोटींचे जुने दोर मागून आणून त्यांना बांधले आणि रिंगण केलं. चिकूच्या एका बागायतदारानं हातमोज्यांचे दोन जोड दिले. गावात त्याला ठोसाबाजी म्हणायचे. घड्याळ कुणाकडे असायचं, कुणाकडे नसायचं, म्हणून फेरी हवालदाराच्या विडीवर चालायची. विडी पेटली की फेरी सुरू, विडी संपली की फेरी बंद. वारा सुटला की विडी भरभर जळायची आणि मार खाणारा वाचायचा. वजनाची भानगडच नव्हती. पाहुणा फार अंगापिंडानं दिसला तर गंमत म्हणून त्याला भाताच्या काट्यावर बसवायचे, आणि मग जे काही भरेल ते ऐकून हसायचे, लढत तशीच लावायचे.

हवालदाराला सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं. मला ठोसा मारता येत नव्हता. त्यामुळे रजिस्टर माझ्याकडे आलं. तारीख, कोण विरुद्ध कोण, विजयी, पराभूत, शेरा. आमचं मंडळ म्हणजे आम्ही दोघंच. तारखा ठरवायच्या मी, आणि लढती लावायच्या हवालदारानं.

त्या खळ्यात मी पुष्कळ जण पाहिले. पुढे मुंबईला जाऊन तिकिटं काढूनही पाहिले. पण वरोरच्या तांडेलासारखा बॉक्सर मला पुन्हा दिसला नाही. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो. हा बोटीचा तांडेल होता आणि आम्हीही त्याला तांडेलच म्हणायचो. तरुणपणी दोन-तीन वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होता, तिथं डेकवर परदेशी खलाशांकडून मार खात खात शिकला. मागे सरकायचा नाही. गुडघ्यांत किंचित वाकून, बोटीवर उभं राहावं तसा उभा राहायचा आणि समोरचा दमेपर्यंत त्याच्याकडे बघायचा. मग एक ठोसा, फार तर दोन. जिंकल्यावर हात वर करायचीही त्याला लाज वाटायची. हवालदार जबरदस्तीनं करायला लावायचा.

आता तारखांचं सांगतो. तेव्हा गावागावांत दिवे कुठले? बघायला माणसं चिखल्याहून, चिंचणीहून, आगरांतून, पाड्यांतून चालत यायची आणि लढती संपेपर्यंत काळोख पडायचा. म्हणून मी एक शक्कल काढली. आमच्या खळ्यातल्या लढती पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी ठेवायच्या, म्हणजे लोक चांदण्यात घरी जातील. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हवालदार म्हणाला, "बाबू, डोकं आहे तुला." मीही फुगलो. दर वर्षी दिवाळीला पंचांग आणायचो आणि होळीपर्यंतचे रविवार तांबड्या पेन्सिलीनं गोल करून ठेवायचो.

पहिल्याच हंगामात तांडेल कचेरीच्या दारात आला. पायरीवर उभा राहिला, आत आला नाही.

"भाऊसाहेब, पुनवेला ठेवू नका. तवा उधान असतं. आमचं डोल पाण्यात असतं."

डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात खुंटाला बांधून प्रवाहाच्या तोंडी सोडतात. प्रवाहाला जोर असेल तरच मासळी आत जाते, आणि तो जोर पुनवेला आणि अवसेला. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात, तेव्हा बोटी किनाऱ्याला. हे सगळं त्यानं मला त्या पायरीवर उभं राहून नीट समजावून सांगितलं. "भांगात ठेवा. सगळा कोळीवाडा येल बघाला," म्हणाला.

मी काय म्हणालो? म्हणालो, "तांडेल, एका माणसासाठी चंद्र हलवू का?" टेबलावरचे दुसरे दोघं कारकून हसले. तोही हसला, बिचारा. आणि गेला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. तिसऱ्या वर्षी वेगळी युक्ती घेऊन आला. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, नारळी पुनवेपर्यंत आम्ही मोकळे, तेव्हा गिरणीच्या गोदामात लढती ठेवा म्हणाला. गोदाम तेव्हा रिकामंच असायचं. मी म्हटलं, पावसात माणसं येत नाहीत. कुठल्या माणसांना विचारून म्हटलं होतं, देव जाणे. चौथ्या वर्षी तो विचारायला आलाच नाही.

बरं, नाही येत तर नाव घालू नये. पण नाव आम्ही घालायचोच. त्याच्या नावावर गर्दी जमायची. पालघरहून, उंबरगावहून पाहुणा यायचा, दोरांच्या आत उभा राहायचा. हवालदार समुद्राकडे तोंड करून तीन वेळा "तांडेल!" अशी हाक मारायचा. तेव्हा तांडेल चार कोस आत जाळं ओढत असायचा. तीन हाकांनंतर पाहुण्याचा हात वर. फौजेतला नियम, हजर नाही तो हरला. पाहुणा इतक्या लांबून आलेला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आणि मी रजिस्टर उघडून लिहायचो, तांडेल, पराभूत. शेऱ्याचा रकाना होता. त्यात "गैरहजर" एवढा पाच अक्षरांचा शब्द लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी तिथं "निकाल तत्काळ" असं लिहायचो. केवढा अभिमान होता मला त्या भाषेचा!

पालघरच्या एका शिपायानं तर पुढे आयुष्यभर सांगितलं की वरोरच्या तांडेलाला मी दोनदा चीत केलंय. त्या माणसानं तांडेलाला कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तांडेल जिंकायचा तो बाहेर. पालघर, उंबरगाव, संजाण, वलसाड इथली मंडळं आपापल्या सोयीनं तारखा ठेवायची. त्यांतली जी भांगात पडेल तिला तो जायचा, हवालदार विडीसकट आणि मी रजिस्टर घेऊन बरोबर; तो लढायचा, जिंकायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बोटीवर. एकदा, फक्त एकदा, पालघरला सुटीवर आलेल्या एका जवानाकडून तो हरला. खरा हरला. आम्ही सगळे तिथं होतो. हरल्यावर त्यानं जवानाचे दोन्ही हात धरून ते डोळ्यांना लावले होते.

अठ्ठावन्नच्या सुमारास हवालदार वारला आणि मंडळ मोडलं. गिरणीवाल्यानं खांब उपटून टाकले. रजिस्टर माझ्याकडे राहिलं. पुढे तीन-चार वर्षांनी खुंटाचा दोर सुटून तांडेलाच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. तांडेलाचा हात वर जात नाही म्हणजे काय, ते कोळीवाड्यात सांगावं लागत नाही. भाच्यानं सुकाणू घेतलं आणि हा मागे बसू लागला.

त्याच सुमारास तलासरीला नवी व्यायामशाळा निघाली. पक्की इमारत, पत्र्याचं छप्पर, लाकडी फळ्यांचं रिंगण. तिथं बॉक्सिंग शिकवायला एक उस्ताद कायमचा नेमायचा होता. तांडेल माझ्या घरी आला. घरी येण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

"भाऊसाहेब, बोटीवर आता मी ओझं हाय," म्हणाला. "भाचा बोलत नाय, पर मना कलतं. एक हात गेला तरी शिकवता येतं. तुमी सांगा त्यांना."

मी छातीवर हात मारून म्हटलं, "तुझ्याशिवाय आहे कोण दुसरं?"

दुसरा होता. तलासरीचाच एक तरुण, पंचविशीचा, देखणा. बॉक्सर म्हणून वाईट नव्हता, पण जे होतं ते सांगायला पाहिजे. त्याच्या एकोणीस लढती झाल्या होत्या आणि अठरा जिंकलेल्या. टाइप केलेली यादी, प्रत्येक लढतीचं सर्टिफिकेट, वर गोल शिक्का. त्या अठरांतल्या पाच एकाच माणसाविरुद्ध होत्या. तो माणूस एका पेढीतला शिपाई होता आणि दर वेळी पहिल्याच फेरीत खाली बसायचा. तीन लढती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या. आता फेरी घड्याळावर, वजनं सारखी, दिवे लावलेल्या सभागृहात, हव्या त्या वारी. त्याचा काळच तसा होता, त्याला मी दोष देत नाही. पण त्या काळाची पट्टी घेऊन विडीवर लढणाऱ्या माणसाला मोजायला निघालेल्यांना मी काय म्हणू?

व्यायामशाळेच्या समितीनं दोघांचं रेकॉर्ड मागवलं. ज्याचं रेकॉर्ड सरस त्याला नेमणूक, असं लेखी ठरलं. मी माझं रजिस्टर काढून बेरीज केली तेव्हा मला घाम फुटला. तांडेलाच्या तेवीस लढती, चौदा विजय, नऊ पराभव. नवातला एक पालघरचा. बाकी आठ आमच्याच खळ्यातले, आणि आठही न झालेल्या लढतींचे.

मी चवताळलो. गावातल्या एका भटजींकडे जुनी पंचांगं असतात म्हणून कळलं. त्यांच्या माळ्यावर चढून, जाळीजळमटं तोंडावर घेत, ती सगळी खाली काढली. एका वर्षाचं वाळवीनं खाल्लं होतं. बाकीची लावून पाहिली, तर आठांपैकी हाती लागलेल्या सातही तारखा पौर्णिमेच्या मागच्यापुढच्या दोन दिवसांत. तांबड्या पेन्सिलीचे गोल तर माझ्या घरच्या पंचांगांतही होतेच. ती मी बरोबर घेतली नाहीत. का घेतली नाहीत, ते पुढे येईल. भटजींची पंचांगं पिशवीत घातली, रजिस्टर घेतलं, एस.टी. पकडली आणि तलासरीला गेलो. वाटेत शेजारच्या माणसाला, जो मला ओळखतही नव्हता, मी उधाण आणि भांग समजावून सांगितलं. तो वारली शेतमजूर होता. सगळं ऐकून म्हणाला, "हां, मग तो कसा येल?" त्याला कळायला एक मिनिट लागलं होतं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या शेजारी हातमोजे देणारे तेच चिकूचे बागायतदार, आता म्हातारे झालेले. आणखी दोघं होते, ते पूर्ण वेळ सुपारी कातरत होते. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्यामध्ये फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, "गणित सरळ आहे."

मी म्हटलं, "सरळ नाही." आणि बोलायला लागलो. विडीच्या फेऱ्या, भाताचा काटा, दीडपट वजनाचे पाहुणे. त्यांनी ऐकून घेतलं. मग तांडेलाचे विजय मोजायला घेतले. वलसाड, संजाण, उंबरगाव या नावांवर ते थांबले. म्हणाले, "ही गावं आता गुजरातेत गेली. परराज्यातल्या लढतींना तिथल्या मंडळाचा दाखला लागेल."

मी म्हटलं, "तेव्हा राज्य एकच होतं."

"आता नाही ना," ते म्हणाले, आणि चौदातले नऊ विजय त्यांनी पेन्सिलीनं खोडले. माणसानं मारलेले ठोसे! नाकं फुटलेली मी पाहिली होती. हद्द आखणाऱ्यांना तरी ठाऊक होतं का, की त्यांची रेघ वरोरच्या एका कोळ्याच्या मुठींवरून गेली आहे?

बागायतदारांच्या गुजराती वळणात खेळणं म्हणजे रमणं. ते म्हणाले, "पन भाय, मी बघितलेला आहे तेला. लई चांगला रमायचा." अध्यक्ष म्हणाले, "शेठ, चांगला असेल. पण हा माणूस स्वतःच्या गावात आठ वेळा हरलाय." सुपारीवाले हसले.

मग मी पंचांगं काढली. सात तारखा, सात पौर्णिमा. उधाणाचं सांगितलं. अध्यक्ष माणूस हुशार होता, लगेच समजला. एकदम गंभीर झाला. "आणि आठवी?" म्हणाला. वाळवीचं सांगितलं. "ठीक आहे," म्हणाला. "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर या सात लढती रद्द धरायला मला हरकत नाही. पण त्याला येता येणार नाही हे मंडळाला ठाऊक होतं का? त्यानं कळवलं होतं का? कळवलं असूनही मंडळानं तारीख बदलली नसेल, तर चूक मंडळाची. कळवलंच नसेल, तर चूक त्याची. तारखा ठरवत कोण होतं?"

सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं. एक वाक्य पुरे होतं. तारखा मी ठरवत होतो, तो तीन वर्षं माझ्या पायरीवर येऊन सांगत होता, आणि मी हसलो होतो.

त्या दिवशीच्या सभेचा दुसरा विषय होता व्यायामशाळेचा कार्यवाह नेमणं. नाव माझं होतं. अध्यक्षांनीच सुचवलेलं. गळ्यात हार पडणार, इमारतीतल्या फळ्यावर नाव लागणार. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीखाली लिहिणाऱ्या माणसाला त्याची किती हाव असते, हे ज्यानं ते केलंय त्यालाच कळेल. आणि जो माणूस स्वतःच्या मंडळाचं रजिस्टर असं ठेवतो, त्याला कार्यवाह कोण करील?

मी म्हणालो, "तारखा तेव्हाचे हवालदार ठरवायचे. ते वारले." तांबडे गोल केलेली माझी पंचांगं घरी होती, म्हणून हे म्हणता आलं.

"आणि यानं कळवलं होतं का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग काही करता येत नाही," म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. पाच विजय, नऊ पराभव एकीकडे, अठरा आणि एक दुसरीकडे. तलासरीवाल्याची नेमणूक झाली. त्यानंतर माझी झाली. हार झेंडूचा होता.

परत येताना मी एस.टी.त अध्यक्षांना शिव्या घातल्या, रेकॉर्डला घातल्या, गुजरातला घातल्या, महाराष्ट्राला घातल्या. आरशात बघून घालायच्या सोडून बाकी सगळ्यांना घातल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात तांडेलाची बायको बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "जमलं नाही, म्हणावं. रेकॉर्ड कमी पडलं." ती म्हणाली, "तुमी सांगितलंत ना त्यांना? मग बस." आणि माझ्या पिशवीत मूठभर सुकट जास्त घातली.

दोन वर्षं गेली. ती मला भेटायची, मासळी द्यायची, वर थोडी जास्तच द्यायची, आणि मी घ्यायचो. कार्यवाह म्हणून मी तलासरीला महिन्यातून दोनदा जायचो. तलासरीवाला बरा शिकवायचा. मी त्याच्याशी कधी धड बोललो नाही, त्यात त्याचा काही दोष नव्हता.

मग एके दिवशी तिनं टोपलीवरचा हात थांबवून विचारलं, "भाऊसाहेब, येक इचारू? त्या येका हरन्यावर सगलंच जातं का वो?"

"एका?" मी म्हटलं.

"पालघरचा तो फौजी. येकदाच हरले ना ते. दोन वर्सं तेच डोक्यात हाय त्यांच्या. कुनाशी बोलत नाय. पडवीत पोतं टांगलंय नि येका हातानं त्याला मारत बसतात. जेवाला हाक मारली तरी मारत बसतात."

म्हणजे त्याला आठांचं ठाऊकच नव्हतं. कसं असणार? तो तेव्हा समुद्रात होता. किनाऱ्यावर एक माणूस आपल्या नावानं तीन हाका मारतो, दुसरा आपण हरलो म्हणून लिहून ठेवतो, हे त्याला कुणी जाऊन सांगितलंच नव्हतं. मी ओरडलो, बाजारात, तिच्यावरच ओरडलो, "एका हरण्यानं नाही गेलं!" मासळीवाल्या बायका बघायला लागल्या. मी पिशवी तिथंच टाकून वरोरची वाट धरली.

तो पडवीत बसून दोर वळत होता. बाहेर वाळत घातलेल्या मासळीपाशी शेजारची चार-सहा माणसं होती, भाचाही होता. मला बघून त्यानं उठून घोंगडी पसरली. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रजिस्टर, तीन हाका, आठ वेळा लिहिलेलं पराभूत, तलासरीची सभा. "आठवत नाही" म्हणालो, तेही सांगितलं. एवढं एक मी धड केलं.

त्यानं हातातल्या दोराचा पीळ आवळला. मग म्हणाला, "आठ येला?"

"आठ."

"नि समोर कोन होतं? मना मारलं कुनी?"

"कुणी नाही."

त्यानं मान हलवली. दोर खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि मारेल, आणि मला ते हवं होतं. उजवा हात त्याच्या मांडीवर तसाच पडला होता. त्यानं डावा पुढे केला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली होती, मनगट सुजलेलं.

"पालघरला तिसऱ्या फेरीत ह्यो हात खाली आला," तो म्हणाला. "म्हनून हरलो. म्हनून काम गेलं, असं धरून चाललो. दोन वर्सं ह्याला शिव्या देतोय, भाऊसाहेब. रोज मारतोय ह्याला. ह्याचा काय गुन्हा नव्हता?"

"नव्हता."

"मग माफी ह्याची मागा. माझी नको."

हात माझ्यासमोर धरलेला. सगळी माणसं बघत होती. दोन शब्द बोलायचे आणि तो हात हातात घ्यायचा, एवढंच होतं. आणि मला राग आला. त्याचा. मी कचेरीतला माणूस, कार्यवाह, भर कोळीवाड्यात एका सुजलेल्या हाताची माफी मागू? "मी काय मुद्दाम केलं का, तांडेल?" मी ओरडलो. "चांदण्यात लोक नीट घरी जावेत म्हणून केलं!"

थोडा वेळ त्यानं हात तसाच ठेवला, मी घेईन म्हणून. मग मागे घेतला आणि दोर वळायला लागला.